अक्काचा पहिला गुन्हा

अक्का नवा कपडा शिवत नसे. कुणी हौसेनं नवं कापड घेऊन आलंच, तर चष्म्यावरून बघून म्हणायची, "नवं शिवायला मोठ्या रस्त्यावर आरसे लावलेली दुकानं आहेत. माझ्याकडं फाटलेलं, उसवलेलं, आखूड झालेलं, नाहीतर अंगात न मावणारं आणायचं." असल्या मालाला आमच्या गल्लीत कधी तोटा नव्हता.

तिची एकच खोली. पुढच्या अर्ध्यात मशीन, मागच्या अर्ध्यात संसार, मधे पडदा. छताला आडवी नळी टांगलेली, तिच्यावर लोकांचे कोट आणि पँटी लोंबत असायच्या. आत येणाऱ्याला वाकूनच यावं लागे. बेकरीवाला कुरकुरायचा, "अक्का, तुझ्याकडं यायचं म्हणजे आधी मुंडी खाली घालावी लागते."

"घाल की. पोट आत घालता येत नाही, निदान मुंडी तरी घाल."

त्याच्या पँटीची कंबर ती दरसाल सैल करून द्यायची. भट्टीतला पाव फुगतो ते समजू शकतं, भट्टीवाल्यानं किती फुगावं, असं त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो पोट धरून हसायचा. तिच्या बोलण्याचा राग कुणी धरत नसे. तोंड सुरू असताना तिचा हातही सुरू असायचा, आणि हात फार मायाळू होता.

धंद्यातला तिचा एक नेम होता. कापड कापून टाकायचं नाही, आत दुमडून ठेवायचं. पोरं वाढतात, माणसं सुटतात, आजारपणात वाळतात, एकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर जातो. आत चार बोटं कापड शिल्लक असलं की कपड्याला आणखी एक जन्म मिळतो. हा नेम तिनं जन्मभर पाळला. एकदा तो तिच्या अंगाशी आला, तीच ही गोष्ट.

अक्काचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं. त्याबद्दल ती एवढंच म्हणे, "माप चुकलं." मूलबाळ नाही. होता तो एक भाऊ, तिच्याहून खूप लहान. आई गेली तेव्हा तो दुडदुडत होता. मग अक्काच त्याची आई, बाप आणि शिंपी. एका जागी टिकत नाही म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणत. चाळिशीला आला तरी भोवराच.

भोवरा फरशी बसवायचा, आणि झकास बसवायचा. फरशीवर बोटाचं पेर वाजवून सांगायचा, "पोकळ आहे, उचला." पण या धंद्यात माणूस दिवसभर गुडघ्यावर असतो. गुडघे देवाला वाहिलेले असतात, पण देव ते घेत नाही, हाडवैद्याकडं धाडतो. भोवऱ्याचे गुडघे गेले. कामावरच्या एकानं कागदाची पुडी दिली. म्हणाला, ही पावडर घे, गुडघे विसरशील. भोवरा गुडघे विसरला आणि त्यांच्याबरोबर बरंच काही विसरला. शेवटी शर्टाच्या खिशात पुडी घेऊन पोलिसांच्या हाती लागला.

तो पहिला गुन्हा. न्यायाधीशांनी गुडघे बघितले, बहीण बघितली आणि थोडक्यात सोडला. काही महिने आत राहून आला. कोर्टानं दिलेली वकिलीणबाई तरणी होती, सदा धावपळीत. तिच्या काळ्या कोटाचं अस्तर फाटून खाली लोंबत होतं. भोवरा सुटला त्या दिवशी ती दोन शब्द सांगायला आली, तर अक्कानं आधी तिचा कोट काढून घेतला.

"बोला तुम्ही. माझे कान मोकळे आहेत," अक्का सुईत दोरा ओवत म्हणाली.

"अक्का, पहिल्या वेळी न्यायाधीश माणूस बघतात. वय, धंदा, दुखणं, घरचं कोण आहे. दुसऱ्या वेळी त्यांना ते बघायची सोय नाही. पुडी चिमूटभराची असली तरी. कमीत कमी किती वर्षं द्यायची ते कायद्यानंच ठरवून ठेवलंय. त्याच्याखाली एक दिवस उतरता येत नाही."

"आणि न्यायाधीशांना दया आली तर?"

"डोळे पुसावेत आणि ठरलेली वर्षं लिहावीत."

अक्कानं दातानं दोरा तोडला. "म्हणजे रेडीमेड म्हणा की. माणूस केवढाही असो, कपडा एकाच मापाचा."

"तसंच."

"बरीच वर्षं आहेत का हो?"

"तो बाहेर येईल तेव्हा तुम्ही असाल की नाही, सांगता येत नाही."

"वकिलीणबाई," अक्का म्हणाली, "कोटाला अस्तर लावलं. तुमच्या जिभेलाही एक लावायला पाहिजे."

बाई ओशाळून हसली. अक्का मात्र हसली नाही. कोट झटकून तिच्या अंगावर चढवताना तिनं विचारलं, "सापडणं म्हणजे नक्की कुठं सापडणं?"

"अंगावर, हातात, खिशात, पिशवीत. राहत्या जागेत. ज्याच्याजवळ सापडली, त्याची."

बाई गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत अक्कानं भावाचे सगळे कपडे खाली काढले आणि खिसे उसवायला बसली. शर्टाचे, पँटीचे, जाकिटाचे, आतले, बाहेरचे, चोरखिसे. उसवलेल्या जागा अशा शिवून टाकल्या की इथं कधी खिसा होता हे कुणाला कळू नये. भोवरा बघत उभा राहिला.

"अक्का, अगं मी रुमाल कुठं ठेवू?"

"मनगटाला बांध."

"किल्ली?"

"गळ्यात."

"आणि हात? माणसानं उभं राहिल्यावर हात कुठं घालायचे?"

"कामाला लाव."

गल्लीनं त्याचं नाव बदलून टाकलं. भोवऱ्याचा बिनखिशाचा झाला. कामावर पेन्सिल कानावर, फुटपट्टी मानेमागं कॉलरीत, सुटे पैसे मुठीत. बसमधे तिकीट दातात धरून उभा राही आणि कंडक्टर काही विचारायला लागला की नुसता हुंकारे. बेकरीवाला म्हणे, "अरे, तुझ्या पुढच्या जन्मात तू कांगारू होणार बघ, सगळी कसर निघेल." भोवरा हसून घ्यायचा. बहिणीचा वेडेपणा त्याला कळत होता, आणि त्या वेडेपणात किती धास्ती शिवलेली आहे तेही कळत होतं. बरेच दिवस तो नीट राहिला. सकाळी कामावर, संध्याकाळी घरी, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी.

पण व्यसन काही खिशात राहत नाही. थंडी वाढली, गुडघे पुन्हा ओरडायला लागले, आणि कामावरचा तो पुडीवाला अजून तिथंच होता.

त्या सकाळी सुट्टी होती. भोवऱ्याकडं धड अशी एकच पँट. कुणी तरी शिवायला टाकून परत न्यायला विसरलेली, मालक उंच, म्हणून अक्कानं भोवऱ्यासाठी पायाची खालची कड आत दुमडून दिली होती. कापायची नाही, हा तिचा नेमच. ती कड सिमेंटनं खाल्ली होती, दोरे लोंबायला लागले होते. "काढ ती," अक्का म्हणाली, "दोन टाके घालते." भोवरा जरा घुटमळला. "राहू दे ना अक्का, उद्या घाल." पण अक्कानं हात पुढं केला की कुणाची टाप नव्हती नाही म्हणायची. पँट मशीनवर गेली आणि भोवरा कमरेला चादर गुंडाळून पडद्याजवळच्या स्टुलावर बसला, नवस फेडायला बसल्यासारखा.

सुई चालली, चालली, आणि एका जागी कुरकुरली. कापडावर सुई कशी वाजते आणि कागदावर कशी, हे अक्काला सांगायला नको. तिनं चाक थांबवलं. दुमडीत बोट घातलं आणि पुडी बाहेर काढली. सगळे खिसे तिनं उसवले होते. भावाच्या पायाशी स्वतःच्या हातानं एक शिवून ठेवला होता, तो मात्र ध्यानातच आला नव्हता.

तिनं भावाकडं बघितलं. भोवऱ्यानं मान खाली घातली.

ती काही बोलणार, तोवर दारात सावली आली. दोन पोलीस. एक जाडा, ओळखीचा, त्याची वर्दी अक्काच सैल करायची. दुसरा नवा, वर्दीला कडक इस्त्री. कामावरचा पुडीवाला पहाटे पकडला गेला होता आणि त्यानं गिऱ्हाइकांची नावं ओकली होती. अक्काचा हात आपोआप खाली गेला आणि पुडी तिच्या एप्रनच्या खिशात पडली. दोघा भावंडांच्या कपड्यांत तेवढा एकच खिसा उरला होता.

"अक्का, जरा झडती घ्यावी लागेल," जाडा अवघडून म्हणाला.

"घ्या की. वाकून या, कोट लागतील डोक्याला."

भोवऱ्याला तपासायला नवा पोलीस पुढं आला आणि थबकला. बनियन आणि चादर. "याचे कपडे कुठायत?"

"दुरुस्तीला," जाडा म्हणाला आणि हसू दाबण्यासाठी खोकला.

खाट झाली, डबे झाले, गादी झाली. काही नाही. जाड्यानं सुटकेचा श्वास टाकला. नव्याची नजर मात्र मशीनवर गेली. त्यानं पँट उचलली, उसवलेली दुमड उलटी केली आणि बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं.

"ही कुणाची पँट?"

अक्कानं एकदा दुमडीकडं बघितलं, एकदा चादरीतल्या भावाकडं. मग एप्रनच्या खिशात हात घालून पुडी बाहेर काढली आणि मशीनच्या पाटावर ठेवली.

"पँट कुणाची ते सोडा. तुम्ही शोधताय ती ही. माझ्या खिशातली."

"अक्का!" जाडा ओरडला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माझी आहे ती!" भोवरा ताडकन उठला. "साहेब, पुडी माझी आहे, हिचा काही संबंध—" आणि चादर खाली आली.

"खाली बस," अक्का म्हणाली. "आधी चादर सांभाळ, मग मला सांभाळ."

नव्या पोलिसानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. त्याला एवढंच शिकवलेलं होतं, ज्याच्या खिशात त्याची. त्यानं अक्काला घेतलं. जाताना अक्का दारात जमलेल्यांतल्या बेकरीवाल्याला म्हणाली, "मशीनला तेल घालायचं राहिलंय, त्याला सांग. आणि तुझी पँट परवा मिळणार नाही. तोवर कमी खा."

वकिलीणबाई धापा टाकत चौकीवर आली. भोवरा बाकावर बसून सगळ्यांना एकच सांगत होता, पुडी माझी, पुडी माझी. बाईनं त्याला कोपऱ्यात ओढलं.

"तुझी म्हणून सिद्ध झाली तर तुला ठरलेली वर्षं. आणि तुझी पुडी लपवली म्हणून ती पण अडकते. दोघंही आत जाल. कळतंय?"

"मग मी काय करू?"

"गप्प राहा. तिनं तुझ्यासाठी जे केलंय ते चुकीचं आहे, कायद्यात बसत नाही, आणि आता मोडताही येत नाही."

मग ती अक्कापुढं बसली. "अक्का, कोर्टात खोटं बोललात तर मी उभी राहणार नाही."

"खोटं कशाला बोलू? माझ्या खिशात होती, होती. मी ठेवली, ठेवली. यात खोटं काय आहे? आणि माझी तर ही पहिलीच खेप. पहिलटकरणीला जरा सांभाळून घेतात ना हो?"

बाईनं कपाळाला हात लावला.

सुनावणीला आम्ही निम्मी गल्ली गेलो होतो. अक्कानं केस नीट बांधले होते आणि पिंजऱ्यात उभ्या उभ्या कारकुनाच्या कोटाचं निखळू आलेलं बटण बघत होती. न्यायाधीश तेच, भोवऱ्याला सोडणारे. वयस्कर, थकलेले.

"ही पुडी तुमच्या खिशात सापडली?"

"हो."

"त्याआधी कुठं होती?"

"साहेब, लोकांच्या कपड्यांत मला काय काय सापडतं ते सगळं सांगत बसले तर गल्लीतले संसार राहायचे नाहीत. माझ्या खिशात सापडली. कायदा तेवढंच विचारतो असं मला सांगितलंय."

मागं कुणी तरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांची नजर आमच्यातून फिरत शेवटच्या बाकावरच्या भोवऱ्यावर थांबली. त्यांना सगळं समजलं होतं, यात शंका नाही. 

"तुमचा पहिला गुन्हा आहे, म्हणून मला विचार करायची मुभा आहे," ते म्हणाले. "वय बघता येतं, धंदा बघता येतो. तुम्हाला ताकीद देऊन सोडतो. वर्षभर चौकीवर हजेरी लावायची. पण नीट ऐका. पुन्हा तुमच्याजवळ, तुमच्या घरात, चिमूटभर जरी सापडलं, तरी माझ्या हातात काही राहणार नाही. तुमचं वय मला बघता येणार नाही. ती वर्षं तुम्हाला झेपणार नाहीत, हे ठाऊक असून मला ती द्यावी लागतील."

"समजलं, साहेब," अक्का म्हणाली.

तिला समजलं होतं. पण अंगावर पाणी पडल्यासारखा झाला तो शेवटच्या बाकावरचा.

त्या संध्याकाळी अक्कानं चहा केला. भोवऱ्यानं कप तसाच ठेवला आणि पडद्यामागं जाऊन आपली वळकटी बांधायला लागला.

"कुठं निघालास?"

"फरशीच्या गोदामावर एक खोली आहे. तिथं."

"का? इथं काय खुपतंय?"

"अक्का, तू ऐकलंस ना. या घरात सापडलं तर तू जाणार."

"मग आणू नकोस म्हणजे झालं."

"तेच तर," भोवरा म्हणाला. "आणणार नाही असं मी शपथेवर सांगेन. मागंही सांगितलं होतं. माझा मला भरवसा नाही, तुला कसा देऊ?"

  अक्का मशीनवर बसली आणि उगाच रिकामं चाक फिरवत राहिली.

तेव्हापासून भोवरा रोज संध्याकाळी यायचा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसे. पायरीवर बसायचा. ताट अक्का बाहेर आणून द्यायची. सुरुवातीला तिनं शिव्या दिल्या, "सोवळ्यातला मोठा आलाय! आत ये मेल्या, लोक मलाच हसतात." तो मान हलवायचा. मग तिनं मशीन ओढत दारापाशी आणलं. ती आत, तो बाहेर, मधे उंबरा. उंबऱ्याच्या अल्याडपल्याड बसून दोघं भांडायची, गल्लीतल्यांची टवाळी करायची. तो इस्पितळात जायला लागला होता. तिथं व्यसन सोडवणारा डॉक्टर होता. "बोलायला लावतो नुसता," भोवरा तक्रार करायचा. "बोल की," अक्का म्हणायची, "माझ्यासमोर कुठं संधी मिळते तुला?"

एकदा पावसाळ्यात तो लागोपाठ कित्येक दिवस आला नाही. अक्कानं कुणाला काही विचारलं नाही. रोज ताट वाढून ठेवी आणि उशिरा स्वतः जेवे. मग एका संध्याकाळी तो आला, गाल बसलेले, आणि पायरीच्याही एक पायरी खाली बसला. अक्कानं ताट ठेवलं. "गार झालंय," एवढंच म्हणाली. तो खाली बघून जेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरच्या पायरीवर आला.

असं वर्ष सरलं, अक्काची हजेरी संपली, तरी तो आत येईना. म्हणायचा, हजेरी संपली, गुन्हा थोडाच पुसला?

थंडीच्या एका दिवशी तो आला तर मशीन दारात होतं आणि अक्का नव्हती. त्यानं हाक मारली. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. नळीवर कोट टांगताना अक्का स्टुलावरून पडली होती आणि कोटांच्या ढिगात अडकून बसली होती, एक पाय मुडपलेला.

भोवऱ्यानं एक पाऊल उचललं आणि थांबला. गोदामातून मिळालेलं जाकीट अंगावर होतं, त्याला चार खिसे. कशात काय आहे, कुणी काय कोंबलंय, त्याची त्याला खात्री नव्हती. त्यानं जाकीट काढून रस्त्यावर फेकलं. पिशवी फेकली, टोपी फेकली, बूट काढून फेकले. समोरून बेकरीवाला ओरडत आला, "अरे, आंघोळीला निघालास की काय?" तोवर भोवरा अनवाणी, नुसत्या शर्टात, आत शिरून गुडघ्यांवर बसला होता.

"हलवू नकोस पाय. दुखतंय?"

"नाही, गुदगुल्या होतायत," अक्का दात आवळून म्हणाली. मग तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "थंडीचा असा का आलास? जाकीट कुठाय?"

"बाहेर टाकलं."

"बूट?"

"तेही."

 ढिगातला कुणाचा तरी जाड कोट ओढून अक्कानं त्याच्या खांद्यावर टाकला. टाकायच्या आधी मात्र कोटाचे खिसे उलटे करून बघितले. भोवऱ्यानं ते बघितलं, पण ओशाळला नाही.

बेकरीवाला डॉक्टरांना आणायला पळाला. पायाचं हाड चिरलं होतं. महिना दोन महिने पाय टेकायचा नाही, कुणी तरी घरात पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले.

"मी राहतो," भोवरा म्हणाला. "पाय बरा होईपर्यंत. त्यानंतर एक दिवस नाही."

अक्कानं उशीला टेकून डोळे मिटले.

"मग मला काही घाई नाही," ती म्हणाली.